केतूचा खडा आणि गायगर काउंटर

सिंगापुरात रंगीत खडे पाहायचे तर बुगीसजवळचं फू लू शौ कॉम्प्लेक्स गाठावं. जांभळा अ‍ॅमेथिस्ट, गुलाबी क्वार्ट्झ, हिरवा मॅलाकाइट. आपली नवरत्नं हवी असतील तर सेरंगून रोड आहेच. यातले बहुतेक खडे निरुपद्रवी असतात. प्रश्न उरलेल्यांचा, कारण ते नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत.

१९९७ साली बँकॉकच्या बाजारात चॉकलेटी लसण्याचे खडे आले आणि ते किरणोत्सर्गी निघाले. लसण्या म्हणजे केतूचा खडा, खनिजशास्त्रात क्रिसोबेरिल. रंग खुलावा म्हणून त्यांच्यावर न्यूट्रॉनचा मारा केला होता. त्याने खड्यातल्या अशुद्धी किरणोत्सर्गी झाल्या आणि त्या थंडावण्याआधीच माल बाजारात आला.

असा मारा करणं गैर नाही. बाजारातला निळा टोपाझ जवळजवळ सगळा किरणांनीच निळा झालेला असतो. न्यूट्रॉन वापरले तर त्यात टँटलम-१८२ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ११५ दिवस, म्हणजे खडा तीनेक वर्षं कुलपात ठेवला की जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. म्हणून टोपाझ घेताना रंगाचं कौतुक करण्याआधी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागावं.

थोरियमची गोष्ट निराळी. त्याचं अर्धायुष्य १४०० कोटी वर्षं! ‘ऋण आयन’ देणाऱ्या काही पेंडंटमध्ये थोरियमयुक्त खनिजाची पूड असते. ती खरोखरच हवेचं आयनीभवन करते. जाहिरात खरी आहे, हीच पंचाईत. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशी १० उत्पादनं वापरू नका असं सांगितलं. त्यात लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं. एका दिवसात काही होत नाही, पण अशी वस्तू महिनोन्‌महिने, झोपेतही, त्वचेला चिकटून असते.

विषारी खडे मात्र आपल्या ओळखीचे आहेत. हिंगूळ पाऱ्याचा, मनशीळ आणि हरताळ आर्सेनिकचे. पोथीतल्या चुकीच्या अक्षरांवर हरताळ फासत, तोच हा पिवळा हरताळ. हे खडे हाताळल्यावर हात धुवावेत. ते घासू नयेत, तापवू नयेत. खडे घातलेल्या पाण्याच्या बाटल्यांची टूम तर मला अजिबात पसंत नाही. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. त्याच पाण्यात लिंबू पिळलं की तांबं पाण्यात उतरायला लागतं.

घरात शंकास्पद पेंडंट सापडलंच तर फोडू नका, कारण पूड श्वासावाटे आत जाणं हे गळ्यात घालण्यापेक्षा वाईट. झाकणाच्या डब्यात घालून निजायच्या खोलीपासून लांब ठेवा. एचडीबीच्या कचऱ्याच्या चूटमध्येही टाकू नका. इथला बहुतेक कचरा जाळला जातो. सिंगापुरात किरणोत्सर्गी पदार्थांचं नियमन नॅशनल एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे. त्यांना कळवा आणि ते सांगतील तोवर डबा बंदच राहू द्या.