अनुदान संपते, आरोग्य उरावे

गरिबांच्या आरोग्यकार्यासाठी एखाद्या संस्थेस अनुदान मंजूर झाले म्हणजे आपल्याकडे आनंद होतो तो बहुधा रकमेचा. कोनशिला बसते, औषधांची कपाटे भरतात. पुढे मुदत सरते, दाराला कुलूप लागते आणि रोगी होता तेथेच राहतो. दोष दात्याचा नसतो. पैसा सरल्यावर मागे काय उरावे, याचा विचारच आरंभी झालेला नसतो. या बाबतीत सीमाभागातील आमच्या वाचकांनी जामखेडचे उदाहरण मनन करावे, असे आम्हांस वाटते.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंपैकी. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. वडाळा येथील मिशन रुग्णालयात सेवा करताना त्यांच्या ध्यानी आले की, पुष्कळसे रोगी टाळता येण्याजोग्या दुखण्यांनीच येतात, बरे होऊन जातात आणि तेच दुखणे घेऊन परततात. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली ते तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडात आले. ख्रिस्ती संस्थांचे साहाय्य पाठीशी होते. तथापि पहिला दवाखाना थाटला तो गावकऱ्यांनी देऊ केलेल्या, जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती. अन्नाची व पाण्याची होती. म्हणून मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला व कूपनलिका खोदल्या गेल्या. त्या शक्यतो दलित वस्तीत खोदल्या, म्हणजे पाण्यासाठी सर्वांनाच तेथे येणे भाग पडे. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत रुजेनात, तेव्हा गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी असे ठरले. या स्त्रिया बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजाच्या. त्या आठवड्यास जामखेडला येऊन शिकत व गावी परतून शिकवीत: हगवणीने कोमेजलेल्या बाळास मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, कुष्ठरोग्यास वाळीत का टाकू नये. त्या भागात 1971 साली हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1976 मध्ये ती संख्या 52 वर आली.

1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. 2005 साली देशभर 'आशा' कार्यकर्त्यांची योजना आली, तिच्यामागील विचारासही जामखेडच्या अनुभवाचे बळ होते. मेबलबाई 1999 मध्ये व डॉक्टर 2011 मध्ये निवर्तले. कार्य मात्र थांबले नाही, कारण ते ज्ञान खेडोपाडीच्या स्त्रियांच्या हाती पोहोचले होते.

प्रभु येशूच्या दृष्टान्तातील दयाळू शोमरोनी आपणां सर्वांस ठाऊक आहे. जखमी वाटसरूसाठी त्याने उतारशाळेच्या रक्षकास दोन दिनार दिले. परंतु त्याआधी त्याने स्वतःच्या हातांनी जखमा बांधल्या होत्या, आणि जाताना परत येण्याचे वचन दिले होते. या दोहोंवाचून ते दिनार म्हणजे नुसते नाणेच ठरले असते.

म्हणून, प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामात आरोग्यासाठी साहाय्य येईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. गरजवंतांस आधी विचारले काय? त्यांच्यातील कोणास शिकविले काय? आणि साहाय्य थांबेल त्या दिवशी, रात्री-अपरात्री आजारी बाळास घेऊन आलेल्या मातेने कोणाचे दार ठोठवावयाचे? तिसऱ्या प्रश्नास एका शेजारणीचे नाव हे उत्तर मिळाले, तर ते अनुदान सार्थकी लागले असे आम्ही समजू.