आघाड्याचे मूळ आणि विंचू

बांधावरचा आघाडा आपण गणपतीच्या पत्रीला आणतो. विंचू चावला की त्याचेच मूळ उगाळून लावायचे, म्हणजे विष उतरते, अशी जुनी समजूत. काळ्या विंचवाची कळ बहुधा आपोआपच ओसरते. श्रेय मात्र मुळाला जाते! तांबड्या विंचवाचे तसे नाही. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडले, तर विष हृदयावर गेले समजा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्याने पुष्कळ जीव वाचले. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो, पाचट उचलताना जपा. आघाडा पूजेला असू द्या. विंचू चावला, त्यातून लेकराला, तर मूळ शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा.