खाडीपलीकडचे शहर : विमानतळावरून वसई-विरारकडे

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या साष्टीवर वसलेला आहे ते मुळात एक बेट असून, त्याची उत्तर सीमा असलेली वसईची खाडी ओलांडल्याशिवाय वसई-विरार गाठता येत नाही. अंधेरी ते वसई रोड हे रेल्वेचे अंतर जेमतेम 30 किलोमीटर भरते. तरीही हा प्रवास कधी तासाभरात आटोपतो, तर कधी दुप्पट वेळ खातो, याचे मुख्य कारण म्हणजे खाडी ओलांडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत.

यांपैकी सर्वांत भरवशाची वाट रेल्वेची. भाईंदर व नायगाव यांच्यामध्ये, खाडीतील पाणजू बेटाचा आधार घेऊन, 1860 च्या दशकात लोहमार्ग पलीकडे नेण्यात आला आणि पूल पुढे बदलले तरी वाट तीच राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो-3 चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाल्यापासून टर्मिनल 2 वरून एकच स्थानक पुढे मरोळ नाका, तेथे गाडी बदलून मेट्रो-1 ने अंधेरी आणि अंधेरीहून विरार लोकल, असा संपूर्ण प्रवास रुळांवरून करता येतो. टर्मिनल 1 पासून विलेपार्ले स्थानक जवळ असले तरी विरारच्या जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून अंधेरीच सोयीचे ठरते. मात्र संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांनी खच्चून भरलेल्या विरार लोकलमध्ये मोठ्या बॅगा घेऊन चढणे जवळजवळ अशक्य असते. विमानतळ आणि उपनगरी रेल्वे यांची सांगड घालताना सामानवाल्या प्रवाशाचा विचार झालेला नाही, हे स्पष्टच म्हणावे लागेल.

सामान अधिक असल्यास टॅक्सीने दहिसर नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग धरून, घोडबंदरजवळील वर्सोवा पुलावरून खाडी पार करावी लागते. हा महामार्ग वस्तीच्या पूर्वेकडून जात असल्याने वसई फाट्यावरून पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते. भाईंदर आणि वसई किल्ल्याची जेट्टी यांच्या दरम्यान फेब्रुवारी 2024 पासून सुरू झालेल्या रो-रो सेवेमुळे, म्हणजे वाहनांसह प्रवासी नेणाऱ्या बोटीमुळे, हा वळसा वाचतो. भाईंदर पश्चिमेपर्यंत पोहोचलेल्या मोटारीसाठी ही वाट खरोखर मोलाची आहे.

मोजक्याच वाटांवर विसंबण्यातला धोका इतरत्रही दिसला आहे. जपानमधील ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळालाही, जो 1994 मध्ये समुद्रातील कृत्रिम बेटावर सुरू झाला, किनाऱ्याशी जोडणारा रस्ता व रेल्वे यांचा एकच पूल आहे आणि सप्टेंबर 2018 च्या वादळात त्यावर एक तेलवाहू जहाज आदळताच हजारो प्रवासी बेटावर अडकले. त्याच वर्षी जुलैत नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी साचून लोकल सेवा ठप्प झाली होती, यावरून पूल शाबूत असूनही वाट बंद पडू शकते, हे दिसते.

खाडी ओलांडल्यावरही नेमके कोठे उतरावे, हा प्रश्न उरतो, कारण वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून 2009 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराला एकच एक मध्य नाही. महापालिका मुख्यालयाकडे जाणाऱ्याने विरारपर्यंत जावे. जुन्या वसई गावात व किल्ल्याकडे जाणाऱ्याने मात्र वसई रोडला उतरून पश्चिमेकडून पारनाक्याची बस किंवा रिक्षा धरावी.