मातीचा बिबट्या आणि बारा चित्रे

पोळ्यासाठी मातीचा बैल करावयास खेड्यातील मुलाला फारसे शिकवावे लागत नाही. शिंगे, वशिंड, शेपटी हे सारे त्याच्या बोटांना ठाऊक असते. परंतु तोच बैल चालवून दाखव म्हटले की ते थबकते. बैल दिसतो कसा हे त्याने पाहिलेले असते. तो कोणत्या पायामागून कोणता पाय उचलतो, हे निरखलेले नसते. मातीच्या चलच्चित्राचे शिक्षण आमच्या मते येथून सुरू होते, यंत्रापासून नव्हे.

युक्ती जुनीच आहे. आकृती किंचित हलवावी, छायाचित्र घ्यावे, पुन्हा हलवावी, पुन्हा घ्यावे. ती चित्रे भराभर दाखविली की डोळ्याला तुटकपणा जाणवत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच अंतराअंतराने टिपली आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगकाड्या हलविल्या. आज शिक्षकाच्या खिशातील मोबाइल पुरतो; मात्र तो विटांच्या आधाराने घट्ट बसविला पाहिजे.

सेकंदाला १२ चित्रे धरली, तर दहा सेकंदांना १२० लागतात. हा गुणाकार चौथीचे मूल सहज करते. खरी गंमत पुढे आहे. दोन चित्रांमधील सरक लहान ठेवली की चाल मंद होते, मोठी ठेवली की वेगवान. वेग म्हणजे काय, हे मुलाच्या बोटांना येथे कळते.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना विषय शोधावयास दूर जावे लागत नाही. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला तर बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे. अंधार पडल्यावर एकट्याने उसाकडे जाऊ नये, हे या मुलांना पाढ्यांइतके पाठ असते. मग मुले मातीचा बिबट्या करतात, त्याला पहिल्याच चित्रात झेप घ्यावयास लावतात आणि सारे एका सेकंदात संपते! अशा वेळी शिक्षकाने विचारावे, ‘झेपेआधी तो काय करतो?’ तो दबतो, निश्चल राहतो. म्हणजे काही न हलविता २४ चित्रे घ्यावयाची. बाहेरून पाहणाऱ्याला मुले रिकामी बसली आहेत असे वाटेल. पण भीती त्या दोन सेकंदांतच असते, आणि ती मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणून शिक्षकाने आकृती स्वतः सुधारू नये. मुलांची वाकडीतिकडी दहा सेकंदे गुरुजींच्या सफाईदार दोन मिनिटांहून आम्हांस अधिक मोलाची वाटतात.

अडचणी बहुधा मातीच्या आणि उजेडाच्या असतात. कुंभाराची माती वाळून तडकते. तेलात मळलेली रंगीत माती वाळत नाही, पण उन्हात ढिली पडते आणि बिबट्याचे पाय वाकतात. पाय आखूड व जाड करावेत, आत बारीक तार घालावी. खिडकीतील ऊन सरकते, ढग येतो, आणि पडद्यावर चित्र लुकलुकते. खिडकी लावून एकच दिवा ठेवावा. पायांच्या जागा खडूने आखाव्यात. चौघांचा गट बरा: एक हलविणारा, एक मोजणारा, एक चित्र घेणारा, आणि एक कोणाचा हात चित्रात राहिला नाही ना हे पाहणारा. कामे दर २० चित्रांनी बदलावीत. नाहीतर मोबाइल एकाच्याच हाती राहतो.

आवाज अखेरीस भरावा. बिबट्या ओरडतो तेव्हा करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज येतो. तो हुबेहूब काढणारे मूल वर्गात असतेच, बहुधा मागच्या रांगेत. त्यालाच तो काढू द्यावा.