वहीत नसलेला रकाना

मागच्या वर्षी धाराशिवला आमच्या वस्तीतील समाजमंदिरात आरोग्य तपासणी ठेवली होती. वजनकाट्याजवळ वही घेऊन आम्हीच बसलो होतो. एक कार्यकर्ता आकडा मोठ्याने सांगे, आम्ही लिहून घेत असू. नववीतली एक मुलगी काट्यावर चढली. आकडा पुकारला आणि रांगेतली पोरे फिदीफिदी हसली. ती उतरली ती चपला तिथेच टाकून घरी गेली. तिचे किलो वहीत आले. तिच्या मनाचे काय झाले, ते लिहायला वहीत रकानाच नव्हता.

असा रकाना तयार करणारे लोक आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोनेट कोलोट्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मोठ्या माणसांसाठी ३१ प्रश्नांची प्रश्नावली दिली. वजनामुळे हालचालीला, कामाला, पतीपत्नीच्या संबंधांना किती त्रास होतो, स्वतःविषयी काय वाटते, चारचौघांत जायला संकोच वाटतो का, हे तीत विचारतात. ११ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २७ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली २००६ साली आली. तीत मित्रमैत्रिणी आणि घरचे लोक कसे वागतात हेही येते. उत्तरांवरून ० ते १०० गुण पडतात. गुण जितके जास्त, तितका त्रास कमी.

नुसत्या किलोंवरून हे कळत नाही. आमचेच पाहा. वजन ७२ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की २६.४ येतात. भारतीय प्रौढांसाठी २३ पासून वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे कागदावर आम्ही लठ्ठ. डॉक्टरांनी साखर तपासायला लावली, ते बरोबरच आहे. पण आम्हाला कुणी हसत नाही. कारकुनाला पोट शोभते म्हणतात! पोरीला मात्र घरातच ‘हिला कोण करून घेणार’ असे ऐकावे लागते.

ते प्रश्न तिकडच्या जगण्यावरून काढलेले. आपल्याकडे आणखी विचारावे लागेल: पंगतीत मांडी घालून बसवते का? एसटीत सीटवर शेजारी कुणी बसले की अंग चोरावे लागते का? खुरपायला उकिडवे बसता येते का? आणि आपल्या वस्तीत काडीसारख्या पोरांनाही चिडवतात, त्यांनाही विचारायला हवे.

पुढच्या तपासणीला आम्ही काटा पडद्याआड ठेवला. आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिला. ती मुलगी आली नाही. तिच्या आईला आम्ही निरोप दिला आहे की, ताई, रविवारी सकाळी गर्दी नसते, तेव्हा घेऊन या.