उपग्रहाला पाऊस दिसतो का?

टीव्हीवर ढगांचं जे पांढरं चित्र दाखवतात, त्यावरून पाऊस किती पडला ते कळत नाही. इन्फ्रारेडला फक्त ढगाचा माथा दिसतो. माथा थंड म्हणजे ढग उंच, आणि उंच म्हणजे पाऊस जास्त, हा हिशेब बिल्डिंगचे मजले मोजून आतल्या लोकांचे पगार सांगण्यासारखा आहे! मायक्रोवेव्ह मात्र ढगाच्या आतून येते, म्हणून मला तिचं कौतुक.

हे रडार नव्हे बरं का. रेडिओमीटर स्वतः काहीच पाठवत नाही, खालून येणारं नैसर्गिक रेडिएशन तेवढं मोजतो. समुद्राची एमिसिव्हिटी ०.५ च्या आसपास, त्यामुळे तो ‘थंड’ दिसतो. वर पावसाचे थेंब आले की तेही रेडिएशन सोडतात आणि १० ते १९ गिगाहर्ट्झला तो भाग उबदार होतो. काम सोपं.

घोडं अडतं जमिनीवर. तिची एमिसिव्हिटी ०.९ च्या घरात. आधीच उबदार असलेल्या जमिनीवर थेंबांची ऊब उठून दिसणार कशी? मग ८९ गिगाहर्ट्झकडे वळावं लागतं. ढगाच्या वरच्या भागातले बर्फाचे कण या लहरी विखुरतात, उपग्रहापर्यंत कमी ऊर्जा पोचते आणि तो भाग थंड दिसतो. थोडक्यात, जमिनीवर मोजला जातो तो मुख्यतः बर्फ. पाऊस हा त्यावरून बांधलेला अंदाज.

विदर्भातल्या गडगडाटी ढगांना हे लागू पडतं. सह्याद्रीची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण ५ किलोमीटरवर असते. समुद्रावरून आलेला वारा घाट चढतो तेव्हा बराच पाऊस त्या पातळीच्या फारसे वर न जाणाऱ्या बुटक्या ढगांतून पडतो. ना वीज, ना कडकडाट, नुसती संततधार (हॉस्टेलच्या दोरीवरचे कपडे आठवा). थेंबाला थेंब मिळून तो मोठा होतो, बर्फाचा फारसा संबंधच येत नाही. मग महाबळेश्वर चिंब आणि उपग्रहाच्या आकड्यात रिमझिम!

२०१४ साली सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर रेडिओमीटरच्या जोडीला रडारही आहे. पण रेडिओमीटरचा पट्टा ८८५ किलोमीटर रुंद, तर रडारचा २४५. शिवाय डोंगरावरून परतणाऱ्या लहरींत जमिनीलगतचा पाऊस हरवतो. नासाच्या ‘आयमर्ग’ या एकत्रित आकडेवारीचा पहिला अंदाज सुमारे ४ तासांत मिळतो. पर्जन्यमापकांच्या मासिक आकड्यांशी जुळवलेला अंतिम आकडा यायला साडेतीन महिने लागतात. घाटातल्या धरणावर दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणाऱ्या इंजिनिअरला तेवढी सवड नसते. त्याला पाणलोटातला साधा पर्जन्यमापकच बघावा लागतो.