हिमाचे दफ्तर

दरसाल जानेवारी महिना उजाडला म्हणजे दावोस हे नाव मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. मुंबईहून मंत्रिमहोदय अधिकाऱ्यांच्या लवाजम्यानिशी तेथे दाखल होतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात, कोटींचे आकडे जाहीर होतात, आणि ओव्हरकोट घातलेल्या मंडळींच्या छायाचित्रांत पाठीमागे जो शुभ्र डोंगर उभा असतो त्याच्याकडे वाचकाची नजर सहसा वळत नाही. वास्तविक त्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,540 मीटर उंचीवर, एक छोटेसे सपाट मैदान राखून ठेवलेले आहे. 1936 सालापासून, म्हणजे महायुद्ध येऊन गेले, राज्ये मोडली, चलने बदलली तरीही खंड न पडता, त्या मैदानातील बर्फाची खोली हिवाळ्यात रोज मोजून वहीत उतरविण्याचा परिपाठ चालू आहे. उंच पर्वतावरील बर्फाची इतकी दीर्घ आणि सलग रोजनिशी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. जिच्या अंमलाखाली हे काम चालते ती स्वित्झर्लंडची हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि तिला प्रयोगशाळा म्हणण्यापेक्षा दफ्तर म्हणणे मला अधिक समर्पक वाटते.

दावोस हे मूळचे गुराख्यांचे गाव. 1,560 मीटरांवरील तेथील कोरडी, निर्मळ हवा क्षयरोग्यांना मानवते असा लौकिक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आणि युरोपभरचे रुग्ण तेथील सज्जांत घोंगड्या पांघरून पडून राहू लागले. त्यांच्यापाठोपाठ धडधाकट माणसे आली ती पायांना लाकडी फळ्या बांधून उतारावरून घसरण्यासाठी. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे पत्नीच्या क्षयामुळेच दावोसला राहिले होते, आणि 1894 साली दोघा स्थानिक बंधूंसमवेत त्यांनी खिंड ओलांडून आरोझापर्यंत स्कीवरून मजल मारली. पुढे पार्सेन्न डोंगरावर दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे झाली. 1932 साली ती वायसफ्लूयोख या खिंडीपर्यंत पोहोचली. 1934 च्या नाताळात गावाच्या कडेच्या बोल्गेन उतारावर माणसांना फरफटत वर नेणारी लिफ्ट सुरू झाली. पूर्वी दिवसाकाठी एकदा घामाघूम होऊन डोंगर चढावा व एकदाच उतरावा, असा जो निसर्गतःच मर्यादित व्यवहार होता, तो यंत्राने अमर्याद केला, आणि जेथे पूर्वी एखादा शिकारी जाई तेथे आता शेकडो माणसे हसतखेळत जाऊ लागली.

अशाच उतारांवरून कोसळणाऱ्या हिमलोटांच्या अभ्यासासाठी स्विस सरकारने 1931 मध्येच एक आयोग नेमला होता. रेल्वे, जलविद्युत, जंगल, पर्यटन या सर्वच खात्यांना त्या प्रश्नाची झळ लागत होती. ज्या पार्सेन्न रेल्वेने धोक्याच्या दारापर्यंत गर्दी नेली तिनेच संशोधकांनाही वर नेले, आणि 1936 साली वायसफ्लूयोखवर एका साध्या झोपडीवजा प्रयोगशाळेत काम सुरू झाले. मंडळी मोठी विलक्षण होती. रोबेर्ट हेफेली हे मृदायांत्रिकीचे, म्हणजे पाया घालण्यापूर्वी जमिनीची ताकद अजमावणाऱ्या शास्त्राचे जाणकार. हान्स बाडेर खनिजांचे व स्फटिकांचे अभ्यासक. एकाने बर्फाकडे माती म्हणून पाहिले, दुसऱ्याने खडक म्हणून; आणि या दोन दृष्टींच्या संगमातून 1939 मध्ये हिम व त्याचे रूपांतर या विषयावरचा जो ग्रंथ सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध झाला, त्याने या शास्त्राची बैठक घातली. 1942 साली संस्थेची रीतसर स्थापना झाली, आणि युद्धकाळात सैन्याकडे असलेले हिमस्खलनाच्या इशाऱ्यांचे काम 1945 मध्ये तिच्याकडे सोपविण्यात आले.

रूपांतर हा शब्द येथे कळीचा आहे. आपल्या भाषेत वळीव, झड, भुरभूर, रिपरिप, मुसळधार असे पावसाचे भेद शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतात. परंतु आकाशातून पडणारे हिम आणि शीतपेटीतला गोठलेला खडा या दोहोंना आपण सरसकट बर्फ म्हणतो, कारण आपला संबंध आला तो गारपिटीपुरताच. त्यामुळे आपली अशी समजूत असते, की हिम एकदा पडले म्हणजे वितळेपर्यंत जसेच्या तसे पडून राहते. तसे ते मुळीच राहत नाही. ताजे हिम इतके हलके असते की घनमीटरला सुमारे शंभर किलो भरते, म्हणजे त्याचा नऊ-दशांश भाग नुसती हवा. मग ते खचते, दाटते, कणाकणांत सांधे जुळतात आणि थर बळकट होतो. ही झाली हितकर वाट. दुसरी वाट अधिक गूढ आहे. हिमाच्छादनाचा तळ भूमीच्या उबेमुळे शून्य अंशाच्या आसपास राहतो. वर मात्र निरभ्र रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. आच्छादन जाड असेल तर हा फरक दोन-तीन मीटरांत विभागला जातो. पातळ असेल तर तो हातभर जाडीतच सामावावा लागतो, आणि मग खालच्या कणांतून वाफ निघून वरच्या कणांवर थिजू लागते. काही दिवसांत तेथे कंगोरेदार, पेल्याच्या आकाराचे, सुटे स्फटिक तयार होतात. दिसायला ते हिऱ्यासारखे सुंदर, हातात घेतले तर खडीसाखरेसारखे ओघळणारे. एकमेकांना धरून राहण्याचा गुण त्यांच्यात औषधालाही नसतो.

यातून एक विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो, आणि नवख्याला तो पटवून देणे कठीण जाते. ज्या वर्षी हिवाळ्याच्या आरंभी बर्फ थोडे पडते, ते वर्ष पुढे अधिक दगलबाज निघण्याचा संभव असतो. नोव्हेंबरातला तो पातळ थर आतून रवाळ होऊन बसतो. वर डिसेंबरात वादळ येते. वारा एका उतारावरचे हिम उचलून दुसऱ्या उताराच्या आडोशाला चोपून बसवितो. आल्प्समध्ये वाऱ्याला हिमलोटांचा स्थापत्यकार म्हणतात ते उगाच नव्हे. साबुदाण्याच्या थरावर शहाबादी फरशी बसवावी तशी ही रचना होते. तीस अंशांहून तीव्र उतारावर अशा फरशीवर एका माणसाचा भार पडला की खालचा रवाळ थर कोसळतो, तडा क्षणार्धात दूरवर धावतो आणि अवघी फरशी माणसासकट सुटते. वरून पाहणाऱ्याला मात्र निळे आकाश, चकचकीत ऊन आणि कोणाचाही माग न उमटलेला पांढरा उतार एवढेच दिसत असते. स्कीवाल्यांच्या मते हवामान सर्वोत्तम असते ते अशाच सकाळी.

ही पुरलेली कपटे उकरून काढण्यासाठी दफ्तर लागते. आजचा पृष्ठभाग आजच्या डोळ्यांना दिसतो. पण सहा आठवड्यांपूर्वी एका थंड, निवांत रात्री हवेतली वाफ वर थिजून पिसांसारखे दहिवर उभे राहिले होते आणि नंतर त्यावर हिम पडून ते तसेच गाडले गेले, ही गोष्ट ज्याने त्या दिवशी नोंदविली असेल त्यालाच ठाऊक. म्हणून दर पंधरा दिवसांनी फावड्याने तळापर्यंत खड्डा खणायचा, त्याची भिंत तासून एकेका थराचा कण भिंगाखाली पाहायचा, तापमान घ्यायचे, वजन करायचे. हेफेलींच्या काळापासून चालत आलेली टोकदार सळई ठराविक उंचीवरून हातोडा सोडून आत ठोकायची आणि कोणत्या खोलीवर ती अडते व कोठे भसकन् घुसते याचा आलेख काढायचा. काम कारकुनी आहे, थंडीने बोटे बधिर करणारे आहे, आणि त्यात शौर्याचा भाग नाही. आपल्याकडे पीकपाहणी करून गावाची आणेवारी ठरवितात त्याच जातीचा हा उद्योग म्हणायचा. फरक इतकाच, की येथे आणेवारी चुकली तर तहसिलीत अर्ज करून दुरुस्ती होत नाही.

देशभर सुमारे दोनशे प्रशिक्षित निरीक्षक, बहुधा त्या त्या खोऱ्यातलेच रहिवासी, आपापल्या नोंदी दावोसला पाठवितात. शिखरांवरची दीडशेहून अधिक स्वयंचलित केंद्रे आपले आकडे वेगळे रुजू करतात. त्या साऱ्यांचा मेळ घालून हिवाळ्यात रोज सायंकाळी 5 वाजता आणि पुन्हा सकाळी 8 वाजता पत्रक निघते, तेही जर्मन, फ्रेंच, इटालियन व इंग्रजी अशा चार भाषांत. धोक्याच्या पायऱ्या पाच. ही मोजपट्टी 1993 पासून युरोपभर एकच आहे. पाचवी पायरी क्वचित लागते, आणि ती लागली म्हणजे रस्तेच बंद असतात. माणसे अधिक मरतात ती तिसऱ्या पायरीवर. हिवाळ्याचा सुमारे तिसरा हिस्सा ती लागू असते, परंतु जवळजवळ निम्मे बळी तिच्याच खात्यावर जमा आहेत. पाचांतली तीन म्हणजे मध्यम, असा हिशेब मन परस्पर करून मोकळे होते; प्रत्यक्षात प्रत्येक पायरीगणिक धोका चढत्या पटीने वाढतो. शिवाय जे गाडले जातात त्यांच्यापैकी दहांत नऊजणांवर कोसळलेला लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सोडविलेला असतो. मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्याला हे पत्रक मनाई करीत नाही. ते फक्त सांगते. या सौजन्याचे मला कौतुक वाटते आणि थोडी भीतीही वाटते.

संस्थेचा खरा कस मात्र खेळगड्यांपेक्षा गावांच्या बाबतीत लागला. 1951 च्या जानेवारीत आल्प्सच्या उत्तरेकडे आणि फेब्रुवारीत दक्षिणेकडे अतोनात हिमवृष्टी झाली. वाल्स, आंडरमाट, आयरोलो येथे घरेच्या घरे गाडली गेली, आणि त्या एका हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये 98 माणसे दगावली. त्यानंतर उतारांवर पोलादी अडसरांच्या रांगा उभ्या राहिल्या, जंगले राखली गेली, आणि धोक्याचे नकाशे करून कोठे बांधावे व कोठे बांधू नये याची शीव मुक्रर झाली. 1999 साली पुन्हा तसाच प्रसंग आला. महिन्याभरात काही ठिकाणी पाच मीटरांहून अधिक हिम पडले; दऱ्यांत लोकवस्ती व पर्यटक पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलेले होते; तरी मृतांचा आकडा 17 वर थांबला. अर्थात हे शहाणपण संस्थेच्या जन्माआधीचेही आहे. दावोसनजीकच्या फ्राउएनकिर्ख येथील जुन्या चर्चची डोंगराकडची भिंत नावेच्या नाळेसारखी टोकदार बांधलेली आहे, की वरून लोट आलाच तर तो दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. 2018 साली युनेस्कोने हिमस्खलनाशी वागण्याच्या या पिढीजात ज्ञानाला अमूर्त वारशाचा दर्जा दिला, त्यात त्या अनाम गवंड्याचाही वाटा आहेच.

आपल्या देशात 1969 साली मनाली येथे याच कामासाठी संस्था उभी राहिली. हिमालयातील रस्ते व लष्करी ठाणी तिच्या इशाऱ्यांवर विसंबत आली. तिची कथा स्वतंत्र लेखाची आहे.

दावोसच्या संस्थेचे बिऱ्हाड 1996 मध्ये खिंडीतून गावात उतरले, मात्र वरचे मैदान हलविण्यात आले नाही, कारण जागा बदलली की दफ्तराची किंमत गेली. दरम्यान त्याच जुन्या वह्या एका नव्या कामी आल्या आहेत. आल्प्समधील अकरा केंद्रांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा असे आढळले, की 1970 च्या तुलनेत हिमाच्छादन सरासरीने बारा दिवस उशिरा बसते आणि सव्वीस दिवस आधी उठते. हॉटेलवाल्यांना ही बातमी वहीतून कळण्यापूर्वीच गल्ल्यातून कळली असावी. दावोसने तर गेल्या हिवाळ्याचे बर्फ लाकडाच्या भुश्याच्या जाड दुलईखाली उन्हाळाभर झाकून ठेवण्याची युक्ती काढली आहे. त्यातले बरेचसे टिकते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, सभोवार गवत हिरवे असताना, त्याचीच पट्टी अंथरून स्कीची पहिली वाट खुली होते. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुश्यात घालून आणीत, त्याची आठवण जुन्या वाचकांना होईल.

वर, खिंडीजवळच्या मैदानात, बहुतेक वर्षी जुलैच्या सुमारास मोजपट्टीच्या खांबाचा बुंधा उघडा पडतो. ओल्या, काळ्या मातीत गेल्या हिवाळ्याच्या खड्ड्यांचा मागमूसही उरत नाही. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात शून्य पडते, आणि एखादे वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा चार बोटे हिम पडून ते शून्य खोडावे लागते.